तारीख माहीत नाही

ये हेडविका, खुर्ची ओढ इकडे.
चाळीस वर्षं ओलोमोउत्सची घड्याळं उघडली या डोळ्यांनी,
आता पडद्यावरचं अक्षर म्हणजे नुसता धूर.
तू वाच, मी ऐकतो.

पहिला माणूस. पाच तारे, नऊशे गिऱ्हाइकं.
"अव्वल दर्जा, निर्दोष, शेवटचा एकच नग."
थांब. गेल्या मंगळवारीही शेवटचा एकच होता.
फोटो मोठा कर. उजव्या कोपऱ्यात
खिडकीच्या गजांची सावली आहे ना?
तीच सावली त्या दुसऱ्या दुकानातल्या
निळ्या मोर्फोखाली पडली होती.
नाव वेगळं, देश वेगळा,
ऊन मात्र एकाच खोलीतलं.

आता मिशा बघ.
फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते,
काडेपेटीतल्या काडीला गूल असतो तशी.
याच्या? शेवटपर्यंत निमुळत्या?
मग त्या कुठल्या तरी पतंगाच्या, डिंकाने बसवलेल्या.
घेतलं होतं मी असलं एक.
पंख सैल व्हावेत म्हणून ओल्या वाळूच्या बरणीत ठेवलं,
सकाळी धड एकीकडे, मिशा दुसरीकडे,
आणि झाकण उघडल्यावर सुताराच्या दुकानाचा वास.

खाली ट्राम वळली. काचपेट्या थरथरतात तेव्हा
मला दर वेळी वाटतं, उठलं की काय एखादं.
असो. पुढचा वाच.

योसियास. आर्फाकचे डोंगर, पापुआ.
दोनच अभिप्राय: "पार्सल उशिरा आलं"
आणि "पार्सल फारच उशिरा आलं."
म्हणजे दोन्ही वेळा आलं, लक्षात घे.
फोटो हललेला, कडेला भाताची थाळी,
एका पोराचा अंगठा पंखापेक्षा ठळक.
खाली लिहिलंय, मागचा पंख मुंग्यांनी खाल्लाय,
पैसे कमी द्या.

याला मी विचारलं होतं, कधी पकडलं?
आलंय का उत्तर? सावकाश वाच.
"तारीख माहीत नाही. मामाने पकडलं होतं.
मामा आता नाही.
पाहिजे तर कोणतीही लिहून देतो,
सगळे मागतात म्हणून विचारलं."

हसतेस काय!
अगं, नऊशे गिऱ्हाइकांच्या त्या शेटजीने
विचारलं असतं का आपल्याला?

तो खालचा खण उघड. डांबरगोळ्यांचा वास येईल.
डावीकडे एक टाचणी रिकामी आहे.
तिथे अपोलो होता, स्लोवाकियातला, साधा,
उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच धरलेला.
चौऱ्याहत्तर साली मी चहात बुडवून एक कागद पिवळा केला,
आजोबांच्या वळणाचं अक्षर काढून लिहिलं:
श्ट्रामबेर्क, जुलै १९१९.
तिथला अपोलो तेव्हा नामशेष झालेला,
म्हणून तर ड्रेस्डेनच्या एका डॉक्टरने
त्याच्या बदल्यात मला सहा परदेशी दिले. आनंदाने.
डॉक्टर गेला. पेट्या संग्रहालयात गेल्या.
आज कुणी तरी शिकाऊ पोरगं पट्टी लावून
माझ्या खोटेपणाची रुंदी मोजत असेल,
दशांश चिन्हासकट.

म्हणून म्हणतो, मला पारख वगैरे काही नाही.
वाटा ठाऊक आहेत, एवढंच.

कळवलं का ड्रेस्डेनला? नाही कळवलं.
दोनदा पत्र लिहिलं, दोनदा पाकिटावर
पत्ताच चुकला असं स्वतःला सांगितलं.
तू आज लिहिणार आहेस ते. पण आधी हे.

लिही, योसियास,
तारखेची जागा कोरी सोडा.
मामांचं नाव मात्र लिहा, पूर्ण,
तुम्ही हाक मारायचा तसं.
मुंग्यांचे पैसे कापू नका, फुलपाखरू पूर्ण भावाने घेतो.
खाली नाव घाल, बोहुमीर व्हान्चुरा.

पाठवलंस?
अरे देवा. टपालखर्च विचारायचा राहिला.