पपई देऊ नको

बोगोटात एक म्हण आहे, आई,
उत्तरा पहिल्याच आठवड्यात सांगत होती,
पपई देऊ नको.
म्हणजे रस्त्यात मोबाइल काढू नको,
गळ्यात काही घालू नको,
हात केल्यावर थांबलेल्या टॅक्सीत बसू नको.
आणि दिलीसच,
तर घेणाऱ्याला कोणी बोलणार नाही.
तुलाच विचारतील, दिलीस का?

मला हसूच आलं.
एकोणीस वर्षं वाशीच्या फळबाजारात
घुले शेठच्या गाळ्यावर
मी पपईचीच बिलं लिहिते.

पहाटे चारला कोपरखैरण्याहून रिक्षा.
बसल्या बसल्या बंद फोन कानाला:
हो, पोचलेच, तुम्ही गेटवरच आहात ना?
तिचे बाबा जाऊन सात वर्षं झाली.
अजून रोज गेटवर उभे असतात.
पुढे उभ्या ट्रकांमधली ती गल्ली,
पर्सच्या पट्ट्याला टोचलेली पिन,
मागे कोणीतरी उगाच खोकतं.
यातलं काही मी तिला शिकवलं नाही.
तिला येतच होतं.

तिथे मात्र फोनच पपई.
म्हणून निघताना एक मेसेज, पोचल्यावर एक.
तिचे रात्रीचे पावणेदहा, माझे सकाळचे सव्वाआठ.
मधली सतरा मिनिटं कोणाचीच नाहीत.

शहाद्याचा माल उतरतो तेव्हा
एकेक नग वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मानेपर्यंत.
तरी गिऱ्हाईक येतं,
कागदावरूनच अंगठा रुतवतं,
आणि न घेता पुढे जातं.
दुपारी तीच पपई बाजूला काढतात,
डागी म्हणून, निम्म्या भावात.
अंगठ्याचा भाव कोणी कमी केलेला
मी पाहिला नाही.

आज अठरावं मिनिट.
एकोणिसावं.
ताई, पावती, हमाल दोनदा म्हणाला.
मी क्रेटचा आकडा चुकवला, खोडला, पुन्हा चुकवला.
बाविसाव्याला फोन थरथरला:
लिफ्ट बंद होती, जिन्याने आले, दमले.
मी लिहिलं, जेवून घे.
दुसरं काही सुचलं नाही.

तेवढ्यात समोर एक अंगठा
कागदात शिरत होता.
मी मनगट धरलं.
हात न लावता सांगा, म्हटलं, मी दाखवते.
शेठने वहीतून मान वर केली.

मनगट मी
जरा उशिराच सोडलं.