चार खेपा

मखमलाबादच्या पुढे पाटाला धरून कच्चा रस्ता जातो,
तिथे पाटी आहे, महापालिकेची.
कचरा तिच्या गळ्यापर्यंत आलाय.
वर फक्त पहिला शब्द उरलाय : येथे.

मी रोज चालते. चाळीस मिनिटं, डॉक्टरांनी सांगितलीत.
त्यातली बारा पदर नाकाला लावून.
कोंबड्यांची पिसं, शिंप्याच्या चिंध्या,
द्राक्षावर मारायच्या औषधाचे रिकामे कॅन,
पोट फाटलेला एक सोफा,
त्यावर बसून कुत्री गावाकडे बघतात.

मोरीच्या कठड्यावर मुरलीधर काकड असतात.
सत्तावीस वर्षं पाटकरी होते.
म्हणतात, "तेव्हा पाण्याला पाळी असायची.
आता ह्याला आहे.
मंगळवारी चिकनवाले,
लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयवाले,
अवसेला लिंबं आन् बाहुल्या.
कुणी लावून दिली नाही, पण एकदा चुकेल तर शपथ.
मी पाणी सोडायचो तर भांडणं व्हायची.
इथं एक भांडण नाही."

रात्री कुणीतरी पेटवून जातं.
सकाळी पेरूच्या पानांवर काळी साय.
पेरू पुसून विकतात.
खालच्या विहिरीचं पाणी चहाला घेतलं की दूध फाटतं,
असं त्यांची सून सांगते,
आणि परवा गायीच्या शेणात
पिशवीचे दोन बंद निघाले,
गाठ मारलेली तशीच.

हे सगळं मी घरी येऊन सांगायची.
"लोक" म्हणायची मी. लोकांना कळत नाही.

काल टिटवी अंगावर आली.
डोक्यावर घिरट्या, नुसता कालवा.
बघितलं तर डबराच्या ढिगाच्या अगदी माथ्यावर
तीन अंडी, खड्यांत खडे होऊन.
सपाट माळ कुठे उरलाय तिला?
जरा वाकले,
आणि अंड्यांना टेकून उभी असलेली फरशी दिसली.
पांढरी, निळ्या काठाची.
तीन भोकं चुकलेली, चौथं जरा वर.

पळ्यांचा हूक बसवताना ह्यांनी पाडलेली.
"भिंतच वाकडी आहे," म्हणाले होते.
एकोणीस वर्षं त्या चुकलेल्या भोकांत
मी कणीक भरत आले.
कोपऱ्यात हळदीचा डाग, कशानेच न निघालेला.

फाल्गुनात ओटा नवा केला.
घंटागाडीवाल्या बाईने हात हलवला, "डबर आमच्यात नाही, ताई."
मग टेम्पो सांगितला. समाधान नाव पोराचं.
सातशे रुपये खेप, चार खेपा.
मी वर पन्नास दिले चहाला.
कुठे टाकशील, हे विचारायला
अर्धा मिनिट लागला असता.
मी दूध उतू जाईल म्हणून आत गेले.

आता फरशी उचलावी तर अंडी घरंगळतील.
हात नेला, आणला.
टिटवी ओरडत होती, तिच्या परीने मला ओळखून.

काकडांना सांगितलं फक्त अंड्यांचं.
म्हातारा खुलला.
"माथ्यावर? उंचावर घातली म्हणता?
मग यंदा पाऊस दांडगा. टिटवीला कळतं."
मी काही बोलले नाही.
उंची तिची नव्हती. माझी होती,
सातशेच्या चार खेपांची.

घरी येऊन समाधानला फोन लावला.
खूप बोलले. त्याने ऐकून घेतलं.
मागे टेम्पोचा हॉर्न, कुठेतरी रिव्हर्स घेत असावा.
मग म्हणाला, "बरोबर आहे, काकू.
मग कुठं टाकू? तुम्हीच जागा सांगा ना.
आताच भरलीय गाडी."

मी जागा आठवत राहिले.
पाथर्डी फाटा, नासर्डीचा काठ, पेठ रोडची खाण,
सगळीकडे कुणाची ना कुणाची भिंत पडलेली.

एवढ्यात खाली घंटा वाजली.
मी फोन तसाच चालू ठेवला,
आणि दोन डबे घेऊन जिना उतरले,
ओला वेगळा,
सुका वेगळा.