ऑसबेकची गोल भिंत

चर्चच्या खाली, ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर
छातीएवढी दगडी भिंत आहे, गोल, चुन्याशिवाय रचलेली.
पाहुणे विचारतात, विहीर होती का?
की देऊळ, ख्रिस्ताच्याही आधीचं?
मी म्हणते, कोंडवाडा.
त्यांचा चेहरा पडतो.

सतरा वर्षं मी या गावची कारकून.
एकशे बारा उंबरे, त्यातले एकेचाळीस
फक्त ऑगस्टमध्ये उघडणारे,
दाराशेजारी आकडे फिरवायची किल्लीची डबी.
माझ्या ताब्यात एक शिक्का, दफनभूमीचा नकाशा
आणि बिस्किटांच्या डब्यात कोंडवाड्याची वही.

वही जेबेझ आउथवेटची.
अक्षर असं, की शाईत पाय बुडवून कोंबडी चालली असावी.
'डुकरीण एक, विधवा मेटकाफ यांची. दोन पेन्स. चावली.'
'बदकं सात, पाद्रीसाहेबांची. दंड माफ.'
'बदकं सात, पाद्रीसाहेबांची. दंड माफ.'
'बदकं सहा.'
सातव्याचं काय झालं ते वही सांगत नाही.
जेबेझला मुलं नऊ होती, एवढं मला ठाऊक आहे.

मग पानं दाटत जातात.
लंडनहून कागद आला, साखळी घेऊन मोजणीदार आला,
आणि कुणाचाच नव्हता म्हणून सगळ्यांचा असलेला माळ
एका उन्हाळ्यात सहा जणांचा झाला.
काटेरी रोपं लागली, ओळीनं, दोरी धरून.
वहीत एकदम जनावरांची रीघ,
प्रत्येकीपुढे एकच शब्द: 'भटकी.'
भटकी कसली?
काल चरत होती तिथंच तर उभी होती.
चालत आलं होतं ते कुंपण.

'गाय एक, तांबडी, डावं शिंग चिरलेलं.
थॉमसिन रेकची. एक शिलिंग.'
खाली दुसऱ्या दिवशी: 'तांबडी. पाणी दिलं.'
'पाणी दिलं.'
'पाणी दिलं. थोडा पेंढा, माझा.'
अकरा ओळी अशा.
बाराव्या दिवशी: 'मालकीण आली नाही.'

थॉमसिन मला दफनभूमीच्या नकाशात सापडली नाही.
लीड्सच्या गिरण्यांकडे तेव्हा पुष्कळ जण गेले,
पायी.

त्यानंतरचं सांगण्यासारखं थोडंच.
भिंतीत खाजखुजली माजली.
दुसऱ्या लढाईत फाटक लोखंड म्हणून नेलं,
त्याचं विमान झालं म्हणतात; कुणी पाहिलं नाही.
शाळा मिटली. बस आता फक्त मंगळवारी.
भिंतीच्या आत एक बाक ठेवलाय,
आणि हृदय बंद पडलं तर वापरायचं पिवळं यंत्र.

गेल्या मार्चमध्ये, भर पावसात,
एक करडं तट्टू हुतात्म्यांच्या स्तंभापाशी आलं
आणि कागदाची लाल फुलं खाऊ लागलं,
एकेक नाव वाचत असल्यासारखं, सावकाश.
सायलस अम्पलबी, वय ब्याऐंशी,
यानं कमरेचा पट्टा काढून त्याच्या गळ्यात घातला
आणि एका हातानं विजार सावरत
त्याला उतारावरून कोंडवाड्यात आणलं.
फाटक नव्हतं,
म्हणून म्हातारा स्वतःच उभा राहिला त्या जागी.
तासभर. हटेना.

लोक जमले. मेटकाफांची नात कॉफी घेऊन आली
(विधवेचंच घराणं; अजून डुकरं पाळतात).
किल्लीच्या डबीवाल्या घरातून एक जोडपंही आलं,
भिजत उभं राहिलं, कुणालाच नाव माहीत नव्हतं,
आता आहे.

मी डबा उघडला. शेवटची नोंद
एकशे एकतीस वर्षांपूर्वीची, एका शेळीची.
तिच्याखाली बॉलपेननं लिहिलं:
'तट्टू एक, करडं. दोन पेन्स.'

तेवढ्यात ब्रॉनी कॉस्टिगन धावत आली,
रात्रपाळी संपवून, नर्सच्या निळ्या कपड्यांत,
एक बूट आणि एक सपाता.
सुटे नव्हते तिच्याकडे, कार्ड पुढे केलं.
सायलस हसला तेव्हा त्याची विजार जवळजवळ गेलीच.

पैसे बाकी आहेत, तसं लिहून ठेवलंय.
आणि पुढे, जेबेझसारखंच जरा तिरकं:
'मालकीण आली.'