बारा सेकंद

लेवार्डनच्या जुन्या वखारीत, वरच्या मजल्यावर,
आज कुटुंबांचा निवाडा आहे.
म्हणजे, कुटुंबांच्या फोटोंचा.
तीन परीक्षक, एक पडदा, साठेक खुर्च्या,
आणि सगळ्यांच्या पाठीमागे मी, एल्के.
माझं काम एवढंच : बटण दाबायचं.
दर फोटोला बारा सेकंद.

नियम आधीच वाचून झालेत.
कुणाला 'इकडे बघ' म्हटलेलं नसावं,
उशी सरळ केलेली नसावी,
सांडलेलं दूध सांडलेलंच हवं.

एकशे चार. आई पोरीच्या उवा काढतेय,
बाप उभ्याउभ्या पाव खातोय.
'फ्रिजचा उजेड फार,' दुर्क म्हणतो. अठ्ठावन्न.
एकशे पाच. टेबलाखाली नुसते दोन मोजे,
एक निळा, एक दुसऱ्याच कुणाचा.
हशा. एक्क्याऐंशी.
एकशे सहा. 'गोड आहे,'
पोर्तोहून आलेले आन्सेल्मो म्हणतात,
आणि इथं गोड म्हणजे बाद.
तिसऱ्या रांगेत एका बाईचे कान लाल होतात.
नावं झाकलेली असतात. कान नसतात.

मग दोनशे सतरा.

अरुंद जिना. खालच्या पायरीवर म्हातारा.
लेक त्याच्या बुटाची नाडी बांधतेय,
गाडीची किल्ली दातांत धरून.
तो तिच्या भांगाकडे बघतोय.
त्याचा हात अधांतरी,
तिच्या डोक्यावर, ठेवू की नको
अशा उंचीवर.

'डाव्या कडेची ती पिवळी बादली,' दुर्क म्हणतो,
'कापायला हवी होती. नजर तिकडे जाते.'
'जाऊ दे की,' हिस्के म्हणते.
'घरात नजर बादलीकडे जातेच.'
मग तिघंही गप्प.

बारा झाले.
माझं बोट बटणावर.
तेरा. चौदा.
कुणीतरी खोकलं.
एकोणीस.

एकोणऐंशी गुण. पुढच्या फेरीला ऐंशी लागतात.
मी जीभ चावली.
बटण दाबणाऱ्याला मत नसतं.

आमच्या घरीही फोटो आहेत, तीन खोकी भरून.
सगळे वाढदिवसांचे. सगळे उंचीप्रमाणे उभे.
बाप कशातच नाही, कारण तो काढत होता.
एकात तेवढी त्याची सावली आहे गवतावर,
टोपीसकट, लांबच लांब,
माझ्या पायांपाशी येऊन थांबलेली.

शेवटच्या वर्षी त्याला वाकता येईना
तेव्हा मी त्याला बूट आणून दिले.
बिननाडीचे. पट्टी दाबली की झालं.
सगळ्यांनी म्हटलं, किती सोयीचे.
त्यानंही म्हटलं.

खुर्च्या रचल्या, पडदा गुंडाळला,
कालव्याच्या कडेनं सायकल रेटत घरी आलो.
वारा समोरून.

बाउक्ये स्वयंपाकघरात, वर्तमानपत्र पसरून,
कांद्याच्या पाती निवडतेय.
चष्मा कपाळावर, आणि शोधतेय चष्माच.
'कोण जिंकलं?'
मला आठवेना. खरंच आठवेना.
मी उंबऱ्यातच उभा राहिलो, ओल्या कोटात,
मनातल्या मनात मोजत.
पाच. सहा.
तिनं मातीच्या बोटानं नाक खाजवलं.
सात. आठ

'दार लाव आधी. गार येतंय.'