कानस

मूर्ती पॅरिसहून येणार होती, पेटीत, भुश्यात गुंडाळून.
साखळी तेवढी ग्वादेलूपच्या हातची हवी, असं समितीचं म्हणणं,
म्हणून मेयरबाईंचा माणूस माझ्या भट्टीवर आला.
मी होड्यांचे नांगर करतो, दारांच्या बिजागऱ्या.
"तुटलेली साखळी," तो म्हणाला. "सव्वा मीटर. पावती द्याल ना?"

तुटलेली कशी करतात?
आधी अखंड करावी लागते.

नमुन्याला संग्रहालयातलं एक कडं, फडक्यात.
त्यात माझा अंगठा गेला, दोन बोटं गेली, मग अडलं.
हातातलं असेल, मी म्हणालो.
पायातलं, तो म्हणाला, आणि फडक्याची घडी घालत बसला.

तीन आठवडे आई भट्टीकडे फिरकली नाही.
डबा चिंचेखाली ठेवून जायची, वर दगड, मुंगसांसाठी.
घणाच्या आवाजावर जिनं बापाची कमाई मोजली
ती आता रेडिओ मोठा लावायची.

लोखंडाला काय.
तापलं की सांडशी नेईल तिकडे वळतं,
नांगर म्हणा, बेडी म्हणा.
नवव्या कडीपाशी माझा हात सराईत झाला
आणि शिसारी आली ती त्याची.

अकरा कड्या. एक रात्र ती अखंड पडून होती.
मी दाराला कुलूप लावलं. काढलं. परत लावलं.
पळून कोण जाणार होतं?

सकाळी शिल्पकार, मस्यू वर्दिए, पांढरे बूट.
"इथं ताडकन तुटू दे. लांबून दिसलं पाहिजे."
मस्यू, म्हटलं, तशी ती तुटत नाही.
आमच्याकडे सांगतात ते असं:
साखरेच्या घाण्यावरून चोरलेली एक कानस
कसाव्याच्या पिठात लपून बारा झोपड्या फिरायची.
एका रात्री एकाची पाळी, पाऊस असला तर दोघांची.
कोणी खोकत राहायचं, कोणी पोराला चिमटा काढून रडवायचं,
किरकिर बाहेर जाऊ नये म्हणून.
कीस जिभेनं टिपायचा.
फटीत मेण, मेणात काजळी,
आणि सकाळी मुकादमासमोर तोच जुना खळखळाट.

"लांबून दिसणार नाही," तो म्हणाला.
दिसली असती तर मेले असते.

मग कानस घेतली. सहा संध्याकाळी, एकच कडी.
तिसऱ्या दिवशी आवाज बदललेला ऐकून आई आत आली,
डबा हातात, काही बोलली नाही,
बसली आणि खोकली.
सर्दी नव्हती तिला.

आता मूर्ती धक्क्यावर आहे. डोक्यावर पाणकोळी बसतात,
बोटीतून उतरलेले लोक तिच्या चेहऱ्याचे फोटो काढतात.
पोरं त्या फटीत नाणी अडकवतात, काढतात.
बाकीच्या दहा कड्या खाऱ्या वाऱ्यानं लाल झाल्या.

शनिवारी बाजाराला जाताना आई थांबते,
चपलेच्या टोकानं ती कडी हलवून बघते,
माशाचे कल्ले बघावेत तशी.
"ढिली आहे," म्हणते,
आणि जाते, बांगड्याचा भाव पाडायला.