लॉट नंबर

त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही.
मागच्या वैशाखात टॉवेलच्या प्रदर्शनाला गेले होते,
शेवटी एक दिवस उरला, बोटीत बसले, एवढंच.

आता कन्ना चौकामागच्या खोलीत
पंखा तापलेली हवा ढवळतोय
आणि नायना माझा फोन नाकाशी धरून
त्या गावातून चाललेत.

चाळीस वर्षं रंगखात्यात काढलेला माणूस.
पूल बघत नाही, मनोरा बघत नाही,
कालव्यात उलटी पडलेली घरं तर नाहीच नाही.
एका हिरव्या भिंतीपाशी मात्र थांबतो.
"हा कोपरा दुसऱ्या लॉटचा.
मालकाला कळलं नाही,
की कळूनही चालवून घेतलं?"

मी सांगते, नायना, तिथे घराचा रंग बदलायचा
तर नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो म्हणे.
"अय्यो! रंग देते नगरपालिका?
आमची पाणी देते. पाचव्या दिवशी."
आणि स्वतःच्याच बोलण्यावर ठसका लागेपर्यंत हसतात.

मग पुढच्या फोटोवर गप्प.
"हे राखेचं घर कुणाचं?"

निळं होतं ते.
इतकं निळं की मी त्याच्यासमोर
हातातलं आइस्क्रीम मनगटावर ओघळेपर्यंत उभी होते.
आणि हे म्हणतात, राख.
हंड्याच्या वाफेत नुसतं डोकावून
सहा निळे वेगळे सांगणारे नायना.
मी फोन खाली घेतला, त्यांची मान उजेडाकडे वळवली.
डाव्या डोळ्यात खळीचा थेंब
वाळून बसल्यासारखा.
उजव्यातही, जरा कमी.
"कधीपासून?"
"गावच हळदीच्या पाण्यातून काढलंय," ते म्हणाले,
"माझ्या डोळ्यांना काय झालंय?"

डोळे एकामागून एक, महिन्याच्या अंतराने.
काळा चष्मा, दर दोन तासांनी थेंब,
वाकायचं नाही, शेंगाचटणी कुटायला बसायचं नाही,
या एकाच अटीवर खरं भांडण झालं.

दुसरी पट्टी निघाली त्या संध्याकाळी
त्यांनी आपण होऊन फोन मागितला.
पुन्हा धक्क्यापासून सुरुवात.
घाई नाही. पूल ओलांडला,
हिरव्या भिंतीला पुन्हा नाव ठेवलं,
वळले, आणि थबकले.

"हे घर मागच्या वेळी नव्हतं."

होतं, नायना.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
बाहेर कुणाचा तरी माग ठाक्-ठकाक् चालू होता,
लाईट आली असावी.
मग म्हणाले, "आत कोण राहतं?"

मला माहीत नव्हतं.
चाळीस फोटोंत मी एकही माणूस आणला नव्हता.
दार वाजवायचं सुचलंही नव्हतं.

त्यांनी दोन बोटांनी फोटो ताणला, आणखी ताणला,
खिडकीखालच्या दोरीपर्यंत.
"टॉवेल ओला आहे," म्हणाले.
"खालची कड बघ, जड पडलीय.
आहे कुणीतरी घरात."