मयत फंडाची वही

मयत फंडाची वही माझ्याकडे आहे,
गेली एकोणीस वर्षं. निळा पुठ्ठा,
आत घराघराचे महिन्याचे वीस रुपये
आणि कैतान मिस्किटाची कायमची थकबाकी.

मासुंदा तलावाच्या बाकावर बसून
मी कधी कधी त्या जुन्या लोकांचं वाचतो.
देवळं त्यांना नव्हतीच.
कुणाच्या तरी माडीवर, खालून कातड्याचा वास,
दार लावून एक भाकर मोडायचे.
शेजारी म्हणत, ही माणसं मूल खातात.
परक्याला दिसायची ती फक्त
गरिबांनी गरिबांना पुरण्याची एक मंडळी,
महिन्याला एक नाणं, ऐपत असेल त्याचं,
पेटीत.

बाजारात गुलामाला नाव द्यायचा कंटाळा;
तिसरा म्हणत, चौथा म्हणत.
माडीवर मात्र तिसरा भाकर वाढायचा
आणि मालक हात पुढे करून थांबायचा.
(रोज नाही. पुढे पुढे तर फारच क्वचित.
आमच्या आजोबांच्या काळी
सणाच्या मिरवणुकीत लाल झगा कोणी घालायचा
ते जातीवर ठरे. हे वहीत नाही.)

मंगळवारी कोलशेतच्या टॉवरवरून एक पोरगा पडला.
ठेकेदाराच्या कागदावर : सी विंग, सतरा नंबर.
गळ्यातल्या दोऱ्यात क्रूस,
म्हणून सिव्हिलमधून फोन आम्हाला.
गाव सिमडेगाकडे. भाऊ येईल तेव्हा येईल.

कमिटी बसली. चहा आला.
बास्त्याव म्हणाला, सभासद नाही,
एक पैसा भरलेला नाही, उद्या सगळेच येतील.
बरोबरच होतं त्याचं. शिल्लक चार हजार तीनशे दहा.
मी नियमांचं पान शोधत राहिलो.
रेमेतबाय पायऱ्या झाडते, कमिटीत नाही.
दारातूनच म्हणाली,
"कपडा मी देते. फळ्यांचं तुम्ही बघा,"
आणि कप गोळा करून गेली.

त्या भुयारांत म्हणे
ओल्या गिलाव्यावर घाईनं नावं ओढत,
अक्षरं चुकलेली, शेवटचं वळण
शेजारच्या मढ्याच्या हद्दीत गेलेलं.
चूक अजून तशीच आहे.

शनिवारी पुरलं. साइटवरचे अकरा जण आले,
एक जण घमेल्यात थोडं सिमेंट घेऊन.
थापीच्या टोकानं त्यानंच लिहिलं : एतवा कुजूर.
जचा उकार ऱ्हस्व की दीर्घ
विचारावं म्हटलं, तोवर सुकत आलं होतं.

वहीत खर्च टाकला : फळ्या, खिळे.
टेम्पोचे पैसे कैताननं दिले, न सांगता.
ते कुठल्या रकान्यात लिहू,
अजून ठरत नाही.